घरगुती समुद्रमंथन

माणसानं काय पाळावं याला काही धरबंध नाही. कुणी कुत्रं पाळतो, कुणी मांजर. कुणी पोपट पाळून त्याला 'विठू विठू' शिकवायला जातो आणि पोपट शेजाऱ्याचा खोकला तेवढा शिकतो. पुण्यात दुपारी एक ते चार ही वेळ पाळतात. पण या सगळ्यांना मान खाली घालायला लावील अशी एक जमात जगात आहे. ही माणसं घरात दगड पाळतात. त्या दगडाला रोज दिवा दाखवतात, त्याचं पाणी तपासतात, त्याला भरवतात आणि महिन्याकाठी तो नखभर वाढला की चारचौघांना बोलावून दाखवतात.

दगड म्हणजे अर्थात दगडी पोवळं. जिवंत! काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात.

पोवळं म्हटलं की आपल्याला आठवते अंगठी. मंगळ बिघडला की ज्योतिषी पोवळं सांगतो, सराफ ते देतो आणि मंगळ सोडून बाकी सगळ्यांची भरभराट होते. पण अंगठीतलं लाल पोवळं निराळं. ते आणि दगडी पोवळी यांचं नातं चुलत-चुलत. लाल पोवळ्याच्या जिवाला हात आठ, तर दगडी पोवळ्यांचे हात साधारणपणे सहाच्या पाढ्यात बसणारे. हा दगडी पोवळ्यातला जीव म्हणजे चुन्याच्या वाटीत बसलेली एक मऊ पिशवी. वर तोंड, तोंडाभोवती बारीक हात आणि खाली स्वतःच्या अंगातून काढलेल्या चुन्याचं घर. हे घर तो जन्मभर बांधत असतो. एक मजला झाला की वर सरकतो आणि पुन्हा बांधायला लागतो. मध्यमवर्गीय माणसाला याहून जवळचा प्राणी सापडायचा नाही.

हा प्राणी आहे, हे विद्वानांच्या गळी उतरायलाच मुळी फार दिवस गेले. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सिली नावाच्या इटालियन सरदारानं समुद्रातून नुकतंच काढलेलं लाल पोवळं समुद्राच्याच पाण्यात ठेवलं आणि त्यावर पांढरी फुलं उमललेली पाहिली. फुलं आली म्हणजे झाड, असा निवाडा झाला. पुढं मार्सेच्या पेसॉनेल नावाच्या डॉक्टरानं तीच फुलं पुन्हा पाहिली. त्यानं ते भांडं विस्तवाजवळ नेलं. ऊब लागताच 'फुलं' हातपाय पसरून बसली. झाड असं करत नाही, म्हणून हा प्राणी, असं त्यानं पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. १७२७ साली रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञानं ते अकादमीपुढं मांडलं खरं, पण लेखकाचं नाव सांगितलं नाही. माणूस चांगला आहे, उगीच कशाला त्याचं हसं करा, हा त्यामागचा सद्हेतू! विद्वानांच्या सभेत खरं बोलणाऱ्याला निनावी ठेवणं हीच दया, असा तो काळ होता. तेव्हा पोवळ्यांच्या इतिहासात निनावी राहणारा पेसॉनेल हा पहिला. मात्र त्याचं नाव पुढं उजेडात आलं. दुसऱ्या माणसाचं आलं नाही, आणि खरी गोष्ट तिचीच आहे.

ती घडली लंडनमध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या आवारात. तिथले उपप्रमुख धर्मगुरू लॉर्ड जॉन थिन, आणि त्यांची पत्नी ॲना थिन. घर मुलाबाळांचं, येणंजाणं मोठ्या लोकांचं. बाईंना मात्र नाद निसर्गाचा. १८४६ च्या शरद ऋतूत त्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथं त्यांना दगडी पोवळी दिसली. इंग्लंडच्या थंड समुद्रातली ही पोवळी म्हणजे काही डोंगर नव्हेत. एकेक सुटं, लहानशा कपाएवढं. दुसऱ्या एखाद्या बाईनं ती पर्समध्ये टाकली असती आणि घरी जाऊन कपाटावर मांडली असती. ॲनाबाईंनी ठरवलं की ही जिवंत न्यायची.

आता समुद्रातला जीव शंभर कोसांवरच्या शहरात न्यायचा म्हणजे काय करायचं, हे सांगणारं पुस्तक नव्हतं. 'ॲक्वेरियम' हा शब्दही आजच्या अर्थानं अजून रुळायचा होता. बाईंनी काय केलं? सुईदोरा घेतला आणि ती पोवळी एका मोठ्या स्पंजाला शिवून टाकली! म्हणजे वाटेत आदळायला नकोत आणि पाणी खालूनही खेळतं राहील. आज यासाठी परदेशात खास गोंद मिळतो. पण पहिलं पोवळं टाके घालूनच बसवलं गेलं. शास्त्राची सुरुवात पुष्कळदा अशी शिवणाच्या डब्यातून होते.

लंडनला आल्यावर पहिले काही दिवस एक दिवसाआड ताजं समुद्राचं पाणी मागवून झालं. पण ते किती दिवस परवडणार? शिळ्या पाण्यातली हवा संपली की आतला जीव गुदमरतो. बाईंनी युक्ती काढली. पाणी उघड्या खिडकीपाशी न्यायचं आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असं उंचावरून ओतत राहायचं. आपण चहा निववतो तसं. त्या धारेत हवा मिसळते आणि तेच पाणी पुन्हा वापरता येतं. प्रत्येक खेपेला अर्धा ते पाऊण तास.

युक्ती बाईंची. ओतायचं कुणी? मोलकरणीनं!

बाईंनी पुढं आपली हकीकत लिहिली. ती १८५९ साली एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. तीत त्यांनी मोकळ्या मनानं मान्य केलं आहे की हे काम दमवणारं होतं. पण लगेच पुढं असंही म्हटलं आहे की, आपल्या हाताशी एक लहानखुरी मोलकरीण होती, मालकिणीला खूश ठेवायची तिला हौस होती आणि या कामाची तिला करमणूकच वाटे.

करमणूक! जगातल्या तमाम मालकिणींच्या वाङ्मयात हे वाक्य कुठं ना कुठं सापडेल. पाऊण तास बादलीभर पाणी वर-खाली ओतण्याची हौस असलेली मुलगी मी तरी पाहिलेली नाही. आपल्या पुराणातलं समुद्रमंथन आठवून पाहा. एका बाजूला सगळे देव, दुसऱ्या बाजूला सगळे दानव, मधे मंदार पर्वताची रवी, वासुकीची दोरी. एवढा फौजफाटा होता तेव्हा कुठं समुद्र ढवळला गेला. इथं तेच काम एक पोर करत होती, आणि तिच्या वाट्याला चौदा रत्नांपैकी एकही आलं नाही. तिचं नाव त्या लेखात नाही. पोवळ्यांचं लॅटिन नाव मात्र आहे.

पुढल्या वर्षी, १८४७ साली, बाईंनी त्या पाण्यात समुद्री वनस्पती आणून ठेवल्या. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, प्राणी तो घेतात. दोघांचं जमलं तर पाणी बदलायला नको, असा हिशेब. तो जमला. पोवळी जवळजवळ तीन वर्षं जगली आणि वाढलीसुद्धा. त्यानंतर १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं गोड्या पाण्यात मासा, गोगलगाय आणि पाणवनस्पती ठेवून हाच तोल शास्त्राच्या भाषेत मांडला. तात्पर्य काय, घरातल्या भांड्यात समुद्र टिकवण्याचा हा पहिलाच मोठा प्रयोग माशांचा नव्हताच. तो दगडी पोवळ्यांचा होता. मासे मागून आले आणि भाव खाऊन गेले.

मग जे झालं ते सगळ्याच छंदांचं होतं तसं झालं. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला होता, रेल्वे समुद्रकाठापर्यंत पोचली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जलचरांचं घर उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'दि ॲक्वेरियम' हे पुस्तक निघालं, आणि घरोघर काचेच्या टाक्या आल्या. ज्याच्या घरी टाकी नाही तो जणू रीतीभातीचा माणूसच नव्हे! हातोडी आणि बरणी घेऊन लोकांचे थवे समुद्रकाठी लोटले. खडकांतली डबकी खरवडून रिकामी झाली. गॉसचा मुलगा एडमंड यानं १९०७ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात याचं दुःख नोंदवून ठेवलं आहे: बापानं ज्या किनाऱ्याचं सौंदर्य लोकांना दाखवलं, तो किनारा लोकांनी बापाची पुस्तकं वाचूनच उजाड केला. आणि काही वर्षांतच छंदही ओसरला. टाक्या अडगळीत गेल्या. किनारा मात्र अडगळीतून परत काढता येत नाही.

आता कुणी विचारील, थंड समुद्रातलं पोवळं जर सुईदोऱ्यानं जमलं, तर उष्ण समुद्रातली ती रंगीबेरंगी, फांद्याफांद्यांची पोवळी पाळायला पुढं शंभर वर्षं का लागली? त्याचं कारण पोटभाडेकरू. या पोवळ्यांच्या अंगात एकपेशीय शेवाळ राहतं. ते उन्हात साखर तयार करतं आणि तिचा मोठा हिस्सा घरमालकाला भाड्यापोटी देतं. घरमालक त्यावर जगतो आणि त्या जोरावर चुन्याचं बांधकाम काढतो. पागडीच्या काळातसुद्धा मुंबईत इतका सज्जन भाडेकरू कुणाला मिळाला नाही. पण या भाडेकरूला ऊन लागतं, भरपूर लागतं. लंडन-बर्लिनच्या दिवाणखान्यात ते कुठून आणायचं?

त्यामुळं विसाव्या शतकात पुष्कळ वर्षं युरोप-अमेरिकेतल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत मासे जिवंत आणि पोवळी मेलेली असत. पांढरे सांगाडे! हिरवट दिसू लागले की बाहेर काढायचे, ब्लीचिंगच्या पाण्यात शुभ्र करायचे आणि पुन्हा मांडायचे. स्मशानाला दर महिन्याला रंगसफेदी.

कोंडी फुटली ती आशियात. जाकार्तातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकन मासिकात आपली पद्धत सांगितली. पद्धत अशी की फार पद्धत करायची नाही. समुद्रातले जिवाणूंनी आणि बारीक जिवांनी भरलेले दगड टाकीत ठेवायचे, थोडे हवेचे बुडबुडे सोडायचे, आणि ऊन. बस्स. समुद्रमंथनात आधी हलाहल निघालं, तसा नव्या टाकीत आधी अमोनिया निघतो. दगडातले जिवाणू तो पचवून टाकतात; नीळकंठाचं काम बिनबोभाट होतं. आपण दुधाला विरजण लावतो तसाच हा प्रकार. पण जाकार्ताचं ऊन मासिकाबरोबर पोस्टानं जात नव्हतं, आणि जिवंत दगडही सहज मिळत नव्हते. म्हणून पश्चिमेकडच्या मंडळींना ते चटकन जमलं नाही.

ते जमवलं जर्मन भाषिकांनी. १९७० नंतरच्या दशकात पेटर विल्केन्स यांनी एक साधा प्रश्न धरला: पोवळं घर बांधतं, तर चुना कुठून आणतं? पाण्यातून. समुद्राच्या एका लिटरमध्ये कॅल्शियम असतं सुमारे ४०० मिलिग्रॅम. टाकी लहान, पोवळी ते शोषून घेतात आणि पुढं बांधकाम ठप्प. तेव्हा टाकीतलं पाणी उडून जाईल तेवढी भर 'काल्कवासर'ची घालायची. हे काल्कवासर म्हणजे काय भयंकर जर्मन रसायन असेल, असं वाटून मी हबकलो होतो. ते निघालं आपली चुन्याची निवळी! पानाला लावायचा चुना पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ पाणी थेंबथेंब सोडायचं. थेंबथेंब अशासाठी, की एकदम ओतलं तर टाकीतले सगळे रहिवासी दगावतील. चुना लावण्याचंही एक प्रमाण असतं.

त्याला जोड मिळाली जिवंत दगडांची, सूर्याची नक्कल करणाऱ्या प्रखर मेटल हॅलाइड दिव्यांची, आणि पाण्यातली घाण बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर वर आणून काढून टाकणाऱ्या नळकांड्याची. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात ना, तसंच. या सगळ्याला पुढं बर्लिन पद्धत असं नाव पडलं. बर्लिन! जिथून समुद्र दीडदोनशे किलोमीटर आणि तोही थंड; त्यात भोवती भिंत. त्या शहरातल्या डीट्रिश श्ट्यूबर नावाच्या हौशी माणसानं फांद्यांच्या पोवळ्याचा एक लहानसा अंकुर वाढवला आणि त्याच्या फांद्या मोडून मोडून इतरांना दिल्या. शेजारणीकडून जास्वंदीची फांदी आणावी तशा. ज्याला मिळाली त्यानं वाढवून पुढच्याला दिली. गॉसच्या काळचा छंद किनाऱ्यावरून ओरबाडून आणत होता; हा छंद एकमेकांना देऊन वाढायला लागला. माझ्या मते या इतिहासातलं खरं रत्न हेच.

माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडे अशी टाकी आहे. मी गेलो तेव्हा त्यानं मला आधी पोवळी दाखवली आणि मग बायको-मुलांची चौकशी करू दिली. टाकीला दोन पंप, दिव्यांना पहाट-दुपार-संध्याकाळ, पाण्याचा उष्मांक अर्ध्या अंशानं सरकला तर खिशातला फोन ओरडतो. मी म्हटलं, "अरे, एवढी काळजी तुझ्या आईनं तुझी नाही घेतली." तो म्हणाला, "मामा, आईनंच घेतली. या पोवळ्यांचीसुद्धा."

आणि त्यानं २०१२ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी २९ ऑक्टोबरला सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं. वीज गेली ती त्यांच्या भागात सहा दिवस आली नाही. आमची ताई तेव्हा लेकाकडेच होती. जनित्र मिळेना, पेट्रोलला रांगा, पुढं पुढं तर गाड्यांच्या नंबराप्रमाणे सम-विषम दिवस. पंप बंद म्हणजे पाणी थिजलं. पाणी थिजलं म्हणजे पोवळी काही तासांत गुदमरणार. दिव्याचं एक वेळ चालतं. भाडं थकलं तरी घरमालक आठवडाभर कळ काढतो. पण श्वासाला उधारी चालत नाही. घर गारठू लागलं तशी ताईनं पुण्याहून नेलेली गोधडी टाकीला गुंडाळली. मग तिघं पाळ्या लावून बसली. पातेल्यानं पाणी काढायचं आणि उंचावरून टाकीत सोडायचं. रात्रीची पाळी ताईची, कारण तिला नाहीतरी झोप येत नाही. वेळ मोजायला बॅटरी कशाला जाळा? ती विष्णुसहस्रनाम म्हणे. एक सहस्रनाम झालं की अर्ध्या तासाची पाळी संपली.

सहाव्या दिवशी दिवे आले तेव्हा निम्मी पोवळी गेली होती आणि निम्मी होती. ज्यांची सगळीच गेली अशा दोन मित्रांना भाच्यानं आपल्याकडच्या फांद्या मोडून दिल्या. ताई म्हणाली, "म्हणजे विरजणच की. कधी आपलं मोडतं, कधी त्यांचं."

आपल्याकडे मात्र हा छंद करता येत नाही, आणि ते बरंच आहे. २००१ साली सरकारनं सगळी दगडी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसवली. वाघ पाळता येत नाही तसं पोवळंही नाही. ज्याला पाहायचं असेल त्यानं मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात तोंड बुडवून पाहावं, आणि हात मागे बांधून पाहावं.

पण आता गंमत संपते. समुद्रच तापायला लागला आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल उष्म्यापेक्षा एकच अंश जास्त, तोही काही आठवडे टिकला, की पोवळं आपल्या भाडेकरूला बाहेर काढतं. पांढरं पडतं, आणि उपाशी मरतं. २०२३ च्या जुलैत फ्लोरिडातल्या एका उथळ खाडीत पाणी ३८.४ अंशांवर गेलं. आंघोळीला आपण काढतो तेवढं कढत! तिथल्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या रोपवाटिकांतली हजारो पोवळी उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणून ठेवली. म्हणजे बघा, ज्या टाकीसाठी एके काळी समुद्र ओरबाडला, त्याच टाकीत आता समुद्राला आसरा द्यायची वेळ आली. आणि ती टाकी कशी चालवायची, हे ज्ञान कुठं होतं? बरंचसं दिवाणखान्यांत, रात्री उठून पाणी तपासणाऱ्या वेड्या माणसांच्या वह्यांत.

लंडनच्याच हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर बंद टाक्यांवर खोटा सूर्य उगवला, खोटा चंद्र कलेकलेनं वाढवला, ऋतूंप्रमाणे पाणी तापवलं-निववलं. आणि फांद्यांच्या पोवळ्यांनी पौर्णिमेनंतर, समुद्रात करतात तशीच, अंडी सोडली. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. वेस्टमिन्स्टर तिथून काही कोसांवर. त्या टाक्यांत पंप अहोरात्र पाणी फिरवत असतात. एकाही पंपावर त्या मोलकरणीचं नाव नाही. असणार तरी कसं, ते कुणाला ठाऊकच नाही.

तिची हकीकत मी ताईला फोनवर वाचून दाखवली. स्पंजाला शिवलेली पोवळी तिला फार आवडली. खिडकीपाशी पाणी ओतण्याची युक्तीही तिनं मान डोलावून ऐकली असावी, कारण मधे ती गप्प होती. मग मी ते करमणुकीचं वाक्य वाचलं.

"करमणूक?" ताई म्हणाली. "ज्या बाईनं हे लिहिलं, तिला म्हणावं एक सहस्रनाम होईपर्यंत ओतून बघ. आणि त्या पोरीला कुणी चहा तरी विचारायचा का नाही, ते लिहिलंय का त्यात?"

मी लेख पुन्हा चाळला. ते लिहिलेलं नाही.